‘ताई, जरा अभ्यास वाढवा’ : तुमानी दियाबातेवरच्या लेखाला आलेल्या प्रतिक्रियेचं उत्तर

पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचा, कोरा हे भोपळ्याचं २१ तारांचं वाद्य वाजवणारा तुमानी दियाबाते (१९६५–२०२४) याच्यावरच्या माझ्या लेखाखाली ‘एक जुना श्रोता’ या नावाने लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी कोऱ्यावर बकरीचं कातडं असतं असं लिहिलं, ते चूक. नाव ‘टौमानी’ असं हवं. त्याच्या घराण्याच्या ७१ पिढ्यांची गोष्ट भाकडकथा. ग्रॅमी मिळालं म्हणून कोणी थोर होत नाही. तो परदेशी लोकांबरोबरच वाजवत राहिला. आणि मुख्य आक्षेप असा: ‘स्पॅनिश गिटारवाले आणि अमेरिकन ब्लूजवाले यांच्याशी जुळवून घेण्यासाठी कोऱ्याचे मूळ सूर सोडले, त्याला गिटारच्या खुंट्या बसवल्या, आणि तिथेच परंपरा संपली. बापाची १९७० ची रेकॉर्ड ऐका म्हणजे अस्सल काय ते कळेल. ताई, यूट्यूबवर बघून लिहिण्यापेक्षा जरा अभ्यास वाढवा.’

आधी ‘ताई’बद्दल. आपल्याकडे ताई म्हटलं की पुढे काहीही बोलायची मुभा मिळते आणि ताईने ते हसून घ्यायचं असतं. मी हसून घेणार नाही. कोरा नऊ वर्षं माझ्या घरात आहे आणि त्याच्या २१ तारा मी स्वतः लावते. ही बढाई नाही, तुम्ही अभ्यासाचा विषय काढलात म्हणून सांगितलं.

आता तुमचं जे बरोबर आहे ते देऊन टाकते. कातडं गाईचं असतं, बकरीचं नाही. चूक माझी, दुरुस्त केली आहे. गाईचंच का, हे तुम्ही लिहिलं नाहीत, ते मी लिहिते. वाळलेला मोठा भोपळा अर्ध्याच्या थोडा वर कापतात आणि भिजवून मऊ केलेलं कातडं त्याच्या तोंडावर ताणून कडेला ठोकतात. वाळताना ते आवळत जातं. दोन हातांनी धरायच्या काठ्या आणि त्यांना आडवी जाणारी पट्टी आधीच कातड्यातून ओवलेली असते. त्या पट्टीच्या आधारावर तारा पेलणारी घोडी उभी राहते. ही घोडी सतारीच्या घोडीसारखी बसकी नसते. ती चांगली वीतभर उंच असते आणि तिच्या दोन्ही कडांना खाचा असतात. डाव्या कडेला ११ तारा, उजव्या कडेला १०. ती चिकटवलेली किंवा खिळवलेली नसते, तारांच्या दाबानेच जागेवर राहते. म्हणून सगळ्या तारा एकदम सैल केल्या की घोडी आडवी पडते, आणि तारा बदलायच्या तर एकेक करूनच बदलाव्या लागतात. हा सगळा भार पातळ कातडं फार दिवस पेलत नाही. ते घोडीखाली खचतं, घोडी खाली जाते आणि सगळ्या तारा एकदम उतरतात. तर गाय. मान्य.

ग्रॅमीबद्दल मी एकच वाक्य लिहिलं होतं, तुम्ही त्यावर सहा लिहिलीत. सोडून देऊ. ७१ पिढ्यांचं म्हणाल तर त्या जेली घराण्याच्या आहेत, म्हणजे वंशावळी आणि इतिहास तोंडी सांभाळणाऱ्या घराण्याच्या. त्या कोऱ्याच्या असल्याचं मी म्हटलेलं नाही. वाक्य पुन्हा वाचा.

राहिलं ते खुंट्यांचं वाक्य. खरं तर त्यासाठीच हे लिहायला बसले, कारण त्या एका वाक्यात तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत आणि तिन्ही चूक आहेत. ‘मूळ सूर’ नावाची एक ठरलेली गोष्ट होती. खुंट्या बसवल्या की सूर बदलतात. आणि जुळवून घेतलं ते कोऱ्याने.

खुंटीपासून सुरू करू. पारंपरिक कोऱ्याच्या दांडीला खुंट्या नसतात. चामड्याच्या वेणीसारख्या विणलेल्या कड्या असतात, त्यांना कोन्सो म्हणतात. प्रत्येक तारेला एक कडी. कडी दांडीवर निव्वळ घर्षणाने बसलेली असते. ती दांडीच्या टोकाकडे, म्हणजे घोडीपासून लांब सरकवली की तार ताणली जाऊन चढते, भोपळ्याकडे ओढली की उतरते. हे वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात कडी सरळ रेटून हलत नाही. अंगठा आणि बोटं यांच्यात घट्ट धरून थोडा पीळ देत रेटावी लागते. तार ताणलेली असल्यामुळे ती आधी जागची हलत नाही, आणि हलली की एकदम अर्ध्या सुराच्या पुढे जाते. मग परत मागे. शेजारची कडी चिकटून बसलेली असेल तर तीही सोबत सरकते, म्हणजे लावून झालेली तार पुन्हा बिघडते. शिवाय दहा-बारा तारा चढवल्या की घोडीवरचा दाब वाढतो, कातडं किंचित दबतं आणि पहिल्यांदा लावलेल्या तारा उतरलेल्या सापडतात. म्हणून कोरा एकदा लावून भागत नाही. एक फेरी ढोबळ, एक फेरी बारीक, आणि मैफिलीआधी तिसरी. दमट हवेत कातडं सैल पडून सूर उतरतात, कोरड्या हवेत ते आवळून चढतात. जुलैत पुण्यात सकाळी लावलेला कोरा संध्याकाळी पूर्ण वेगळा वाजतो हे मी छातीठोक सांगू शकते, यूट्यूबवर ते दिसत नाही.

खुंटी, म्हणजे गिटारला असते तशी दातेरी चाकाची, एवढंच करते की हे काम मनगटाऐवजी दोन बोटांवर येतं आणि सूर केसभर सरकवता येतो. तार तीच राहते, घोडी, कातडं, लावलेला सूरही तोच. फायदा वेळेचा आणि नेमकेपणाचा. तोटेही आहेत. गोल दांडीला २१ भोकं पाडली की ती त्या रेषेत चिरण्याची भीती असते, म्हणून दांडी जाड ठेवावी लागते. २१ खुंट्यांचं लोखंड वरच्या टोकाला बसतं, वाद्य पुढे कलतं आणि मांडीवर तोलून धरणं कठीण होतं. शिवाय काही वादकांचं म्हणणं आहे की चामड्याच्या कडीवरून येणारा आवाज जरा गोल असतो. त्यांच्याशी मी भांडणार नाही, माझ्या कानालाही थोडा फरक वाटतो. पण तो नादाचा फरक आहे. तुम्ही सुरांबद्दल बोललात.

या खुंट्या कोणी आणल्या? स्पॅनिश गिटारवाल्यांनी नाही. सेनेगालमध्ये डाकारजवळ केर मूसा नावाचा ख्रिस्ती मठ आहे. तिथल्या साधूंनी प्रार्थनेला कोरा घेतला, मठातच कोरे बनवायला लागले आणि कड्यांच्या जागी खुंट्या बसवल्या. तो मठ फ्रेंच साधूंनी स्थापला होता, तेव्हा ‘बाहेरचे’ हा शब्द वापरायला तुम्हाला जागा आहे. घ्या. पण तिथे खुंटी आली ती रोजच्या उपासनेत कोरा इतर आवाजांबरोबर सुरात राहावा म्हणून. ब्लूजचा तिथे काही संबंध नाही.

तुमानीने स्वतः काय केलं? २००८ च्या ‘द मांदे व्हेरिएशन्स’ या एकट्या कोऱ्याच्या अल्बममध्ये तो दोन कोरे वाजवतो, एक चामड्याच्या कड्यांचा आणि एक खुंट्यांचा. दोन्ही एकाच तबकडीवर आहेत. ऐकून सांगा, परंपरा नेमकी कोणत्या तुकड्यात संपली.

आता ‘मूळ सूर’. कोऱ्याच्या तारा सुरात लावायच्या नेहमीच्या पद्धती चार: तोमोराबा (मालीत तिला सिलाबा म्हणतात), तोमोरा मेसेन्गो, हार्दिनो आणि सौता. आपल्या वाचकांना कळेल अशा भाषेत सांगायचं तर हार्दिनो साधारण बिलावलच्या जवळ जाते आणि सौता म्हणजे त्यातला मध्यम तीव्र केलेला, कल्याण थाटाच्या अंगाने जाणारा. सा म्हणून पाश्चात्य एफ धरला तर सगळ्यात खाली खर्जाचा सा, मग एकदम प, ध, नी, आणि तिथून वर दोन सप्तकांहून जास्त सलग सात सूर. या मांडणीत मध्यमाच्या तारा दोनच येतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. म्हणजे हार्दिनोतून सौतात जायला २१ पैकी फक्त दोन कड्या हलवायच्या. हे परंपरेनेच ठेवलेलं दार आहे, तुमानीने फोडलेली भिंत नव्हे. आणि सा काळी पाचचा की पांढरी चारचा हे गायकाच्या गळ्यावर ठरत आलं आहे, जसं आपल्याकडे ठरतं.

मूळ म्हणून आणखी किती मागे जायचं? स्कॉटिश प्रवासी मंगो पार्कचं प्रवासवर्णन १७९९ साली छापलं गेलं. त्यात तो ‘कोर्रो’ नावाच्या मोठ्या हार्पचा उल्लेख करतो आणि तारा सांगतो १८. आज २१ असतात. सेनेगालच्या दक्षिणेकडच्या कासामान्सच्या भागात २२ असतात, कोरावादक सेकू केइताने २०१५ ला आपल्या अल्बमचं नावच त्यावरून ‘२२ स्ट्रिंग्ज’ ठेवलं. तारा पूर्वी हरणाच्या कातड्याच्या पिळलेल्या असत, आता नायलॉनच्या असतात. नायलॉन म्हणजे तरी काय, मासे पकडायची तंगूस, वेगवेगळ्या जाडीची, खर्जाला जाड आणि वर पातळ. ज्या टपोऱ्या, लांब रेंगाळणाऱ्या आवाजावर आपण सगळे भाळलो तो या तंगुसाचा आवाज आहे. तेव्हा परंपरा संपल्याची तक्रार करायचीच असेल तर ती नायलॉनच्या दिवशी करायला हवी होती.

बापाच्या रेकॉर्डबद्दलही बोलू. तुमानीचा बाप सिदिकी दियाबाते, जेलीमादी सिसोको वगैरे चार वादकांची १९७० ची ती ध्वनिमुद्रिका मला तुमच्याइतकीच प्रिय आहे. पण ‘अस्सल’ म्हणून ती माझ्यापुढे नाचवताना एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नाही. जेलींच्या परंपरेत कोरा गाण्याच्या साथीला असतो. स्तुती, वंशावळ, युद्धकथा गायची आणि खाली कोऱ्याचा ठेका फिरत ठेवायचा. त्या रेकॉर्डवर कोणी गातच नाही, नुसते कोरे एकमेकांशी बोलतात. साथीचं वाद्य एकटं पुढे आणून बसवणं ही त्या काळातली नवी चाल होती. तुमचं अस्सल हे त्या पिढीचं धाडस आहे. त्याच चौघांपैकी दोघांची मुलं, तुमानी आणि बालाके सिसोको, २२ सप्टेंबर १९९७ ला, मालीच्या स्वातंत्र्यदिनी, बामाकोत बसली आणि बापांच्या रेकॉर्डला उत्तर म्हणून दोन कोऱ्यांची जोडी मुद्रित केली. ‘न्यू एन्शन्ट स्ट्रिंग्ज’ या नावाने ती १९९९ ला आली. तिच्यात ना गिटार, ना ब्लूज. हे त्याच्या ‘परदेशी’ काळातलं काम आहे, तुमच्या हिशेबात ते कुठे बसतं?

आता कोणी कोणाशी जुळवून घेतलं. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

कोऱ्याला पडदे नाहीत. सतारीवर तार ओढून मींड घेता येते, गिटारवर पुढच्या पडद्यावर बोट ठेवून मधला सूर मिळतो. कोऱ्यावर तार म्हणजे एक सूर, बस. दोन अंगठे आणि दोन तर्जन्या वाजवतात, उरलेली सहा बोटं काठ्या धरून ठेवतात. वाजवता वाजवता कोमल-तीव्र करायला हात रिकामाच नसतो. लागोपाठचे सूर बहुतेक डाव्या-उजव्या हातात वाटलेले, एखाद्या सुराचा वरच्या सप्तकातला जोडीदार बहुधा समोरच्या रांगेत. या मांडणीमुळेच खाली फिरता ठेका (कुंबेन्गो) आणि वर सरसर उतरणाऱ्या ताना (बिरिमिंतिंगो) एकाच माणसाच्या हातून निघतात. तुमानीने त्यात खर्जाची ओळ वेगळी काढून तीन पदर एकदम चालवले. लंडनमध्ये एका दुपारात मुद्रित झालेला आणि १९८८ ला निघालेला ‘कायरा’ तेच दाखवतो. एकटा कोरा आणि दुसरं कोणी नाही.

अशा वाद्याबरोबर फ्लामेन्को गिटार बसवायची आहे असं समजा. त्याच १९८८ साली स्पेनच्या केतामा या फ्लामेन्को गटाबरोबर आणि डॅनी थॉम्प्सनच्या बासबरोबर ‘सोंगाई’ झाला. फ्लामेन्कोचा सुरांचा साचा आपल्या भैरवी थाटाच्या जवळचा. कोरा हार्दिनोत असेल तर त्याच्या गंधाराला सा मानायचं की भैरवीची मूर्च्छना आपोआप मिळते, एकही तार हलवावी लागत नाही. पण फ्लामेन्कोला शेवटी ज्या स्वरमेळावर टेकायचं असतं त्यात या नव्या सा-पासून शुद्ध गंधार लागतो, आणि कोऱ्यावर तो कुठेच नाही. तो मिळवायचा तर कोऱ्याच्या पंचमाच्या तिन्ही तारा अर्धा सूर चढवाव्या लागतील. चढवल्या की खर्जाच्या ठेक्यातला सा-प मोडला, म्हणजे कोऱ्याचा पायाच निखळला. असं कोणी शहाणा वादक करत नाही. मग करायचं काय? तो एक सूर गिटारवाल्याने घ्यायचा आणि त्या क्षणी कोरा त्याच्या आसपासच्या तारांना हात लावत नाही. कोऱ्याची पट्टी वेगळी असेल तर गिटारवाला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारी चाप, एक घर वर सरकवतो, दोन सेकंदांचं काम. गिटार जुळवून घेते कारण तिला ते जमतं. कोऱ्याला ते जमत नाही, म्हणून त्याच्याकडे यावं लागतं. ‘ताज महाल’ या नावाच्या अमेरिकन ब्लूज गायकाबरोबरच्या ‘कुलांजान’मध्ये (१९९९) पाहा, ब्लूजचा तो मधल्यामधला गंधार गळा आणि गिटार घेतात, कोरा आपल्या सुरांवरून हलत नाही.

वेल्सच्या कॅट्रिन फिंचचा ४७ तारांचा हार्प पायाशी सात पेडल बाळगतो, प्रत्येकाला तीन जागा, म्हणजे पायाने दाबून त्या नावाचे सगळे सूर एकदम कोमल-तीव्र. २०१३ च्या ‘क्लिखाय दिबॉन’मध्ये सेकू केइताचा कोरा तिच्यासमोर बसतो तेव्हा पट्टी बदलायची सोय कोणाकडे आहे हे सांगायची गरज नसावी.

खरं तर तुम्ही याहून चांगला आक्षेप घेऊ शकला असतात. तोमोराबातले काही सूर पियानोच्या पट्ट्यांवर नेमके बसत नाहीत. गिटारचे पडदे समान अंतराच्या हिशेबाने ठोकलेले असतात, ऑर्केस्ट्रातली फुंकवाद्यंही त्याच हिशेबाने बनतात. अशांबरोबर वारंवार बसलं की वादकाचा कान त्या हिशेबाला सरावतो, आणि कड्या नसल्या, खुंट्या असल्या, हातात इलेक्ट्रॉनिक ट्यूनर असला की त्या मधल्या जागा हळूहळू पुसल्या जातात. हे होतं. तरुण वादकांत हे मला ऐकू येतं. २००८ ला लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर तुमानी वाजला, ती मैफल ‘कोरोलेन’ नावाने २०२१ ला निघाली. तिथे मला दोन-तीन ठिकाणी असं वाटलं की व्हायोलिन कोऱ्याकडे आणखी थोडी झुकायला हवी होती, त्यांना पडदे नाहीत, त्यांना ते सहज जमलं असतं. यावर आपलं बोलणं झालं असतं. तुम्ही खुंट्यांना शिव्या देऊन मोकळे झालात.

आणि ‘परदेशी लोकांबरोबर’ हे पालुपद. त्याचा सगळ्यात गाजलेला जोडीदार अली फार्का तुरे हा मालीचाच, नियाफुंकेचा. दोघांची भाषा वेगळी, वाद्यं वेगळी. अली उत्तरेचा सोंगाई-फुलानी गिटारवाला, तुमानी दक्षिणेच्या मांदे लोकांमधल्या जेली घराण्यातला. बामाकोच्या नदीकाठच्या हॉटेल मांदेत तालमीशिवाय बसून त्यांनी ‘इन द हार्ट ऑफ द मून’ (२००५) केला. दोन संस्कृतींचा मेळ म्हणायचा तर तो हाच, आणि त्याला पासपोर्ट लागला नाही. बामाकोच्या ‘होगॉन’ क्लबमध्ये शुक्रवारी रात्री त्याचा ‘सिमेट्रिक ऑर्केस्ट्रा’ वाजायचा, तिथे नाचायला येणारे लोकही अमेरिकेतून येत नव्हते. ब्योर्क, डेमन अल्बार्न ही पाश्चात्य पॉपमधली नावं तुम्ही मुद्दाम यादीत घातलीत, त्यांच्याबरोबर तो थोडं वाजला, पुढे गेला.

पुढची प्रतिक्रिया नावानिशी लिहिलीत तर बरं, ‘जुना श्रोता’ला उत्तर देताना वय धरून बोलावं लागतं आणि मला ते जमत नाही.

लेखात बकरीच्या जागी गाय केली आहे. हरणाच्या तारांचं आणि केर मूसाचं एकेक वाक्य जोडलं आहे. ‘तुमानी’चं ‘टौमानी’ होणार नाही, फ्रेंच स्पेलिंगमधल्या ‘ओयू’चा उच्चार ‘उ’ होतो.